खालची ओळ

मी सिन्नरच्या शाळेत मराठी शिकवते आणि अनुस्वारांवरून मुलांचा जीव खाते. त्यामुळे नाशिकच्या डॉक्टरबाईंनी जे समजावलं ते मला लगेच कळलं. दुर्बिणीच्या तपासणीत त्यांनी माझ्या आतड्यातून एक पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब, काढला होता. कॅन्सर नव्हता, पण तसाच राहिला असता तर पुढे होऊ शकला असता. त्या म्हणाल्या, जनुकांची अक्षरं तीच राहिली तरी आयुष्यभरात त्यांच्यावर रासायनिक खुणा बसत जातात आणि काही जनुकं गप्प होतात. काढलेल्या तुकड्यातल्या या खुणा पाहून पॉलिप पुन्हा येईल का, याचा अंदाज बांधता येतो. चाचणी नवी आहे, खात्री देत नाही. म्हणजे अक्षर तेच, वरचं टिंब अर्थ फिरवतं, असं मी म्हटलं. त्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का.

वडिलांना झालं होतं. ते मनमाडला रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. रक्त पडायचं ते मूळव्याध म्हणून त्यांनी दोन वर्षं अंगावर काढलं. शेवटी पॉलिप निघाला, काढला आणि इंग्रजीत रिपोर्ट आला. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. वडील दारात बसले होते, आई शेजारी बाजरी निवडत होती. मी ओळीखाली बोट फिरवत वाचत गेले. कॅन्सर नाही, इथवर आले आणि कागद मिटला. वडील हसत उठले आणि सरळ जिलबी आणायला गेले.

खाली अजून एक ओळ होती. एका वर्षाने पुन्हा तपासणी करावी.

ती मला दिसलीच नाही, असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. दिसली होती. त्यांच्या आनंदावर विरजण नको, उद्या सांगू, असं मनात म्हटलं आणि तो उद्या राहून गेला. पाच वर्षांनी ते आतड्याच्या कॅन्सरनेच गेले.

तेव्हापासून मी कुठलाच कागद अर्धा सोडत नाही. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, सगळं शेवटपर्यंत वाचते. वाचताना मानेमागे कुणीतरी उभं असतं. त्याला इंग्रजी येत नाही, तो नुसता माझ्या बोटाकडे बघत असतो. मला त्याची भीती वाटते. तो एखाद्या दिवशी आलाच नाही तर, याची जास्त वाटते.

चाचणीचा निकाल आला तेव्हा आई, जी आता माझ्याकडेच राहते, म्हणाली की मोठ्याने वाच. मी वाचला, तिला कळेल असा मराठीत सांगत. पॉलिप पुन्हा येण्याची शक्यता बरीच आहे, इथे माझं बोट थांबलं. मागे तो उभा होताच. मी पुढे वाचलं. एका वर्षाने पुन्हा दुर्बीण, चुकवू नये.

"झालं?" आईने विचारलं.

झालं, मी म्हटलं. तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. अक्षर कुठे संपतं एवढं तिला कळतं.

"त्या दिवशी बी खाली एक ओळ व्हती," ती म्हणाली. "तुझं बोट तिथवर गेलंच नाय. मी बघत व्हते."

मग तू तेव्हा बोलली का नाहीस, एवढंच मी कसंबसं विचारलं.

आईने कागदाची घडी घातली.

"ते हसत व्हते ना," ती म्हणाली. "लय दिवसांनी."