झाडं बघून, माणसं अंदाजाने

नवी मुंबईत द्रोणागिरीला आमच्या सोसायटीखाली तसबिरी मढवणारे एक गृहस्थ बसतात. मूळचे उरणकडचे मुसलमान, वयाने माझ्याएवढेच. काच बसवण्याआधी ते प्रत्येक चित्र हातभर लांब धरून बघतात.

इंग्रजांच्या काळातल्या एका निसर्गचित्राची छापील प्रत मी त्यांच्याकडे नेली होती. नदी, ताडाची झाडं, काठावर नमाज पढणाऱ्यांची रांग. त्यांनी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली.

"मास्तर, यानं झाडं बघून काढलीत, मानसं अंदाजानं. एक उभा, एक वाकलेला, एकाचं कपाल जमिनीला. जमातीत, म्हंजे एकत्र नमाजात, सगले एकदम वाकतात."

अशा चित्रांवरच्या माझ्या लेखात हे निरीक्षण मी माझं म्हणून छापलं. कौतुक झालं ते त्याचंच.

कात्रण मढवायलाही मी त्यांच्याकडेच दिलं. त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं, मराठी वाचता येत नाही. लेखासोबत छापलेलं चित्र ओळखून, काच बसवता बसवता त्यांनी विचारलं, "ह्यात माजं बोलनं हाय काय?"

मी वाचून दाखवलं, "हे आमच्या तसबीरवाल्या मित्राने दाखवून दिलं." असं वाक्य लेखात नव्हतं.

"कुठं हाय?"

मी काचेवर मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी फडकं घेतलं आणि तेवढी जागा पुन्हा पुसली.