व्हर्नी

स्पीकरवर माझाच आवाज लागला होता आणि समोर अठरा जण हसत होते.

परळच्या काचेच्या इमारतीत, एका मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये मी कामाला. आमची टीम लीडर तन्वी मॅडम दर शुक्रवारी 'चुकलेले' कॉल सगळ्यांना ऐकवायची. त्या दिवशी माझा. अँटॉप हिलची एक आजी विचारत होती, मिनिटं शिल्लक आहेत, मग फोन का लागत नाही? मी सांगत होते, "आजी, बसचा महिन्याचा पास असतो ना? तुम्ही दहाच दिवस फिरलात तरी महिना संपला की पास संपतो. मिनिटांचं तसंच. प्लॅनचे दिवस संपले की उरलेली मिनिटं पण गेली."

मॅडमने तिथेच थांबवलं. "बस का पास! गाइज, धिस इज सो व्हर्नी."

पुन्हा हशा. त्यापुढे आजी म्हणाली होती, "आता कळला गो बाय. आजपर्यंत कोणी सांगूकच नाय." ते ऐकवलंच नाही.

मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले.

व्हर्नी हे तिथलं माझं नाव. सहा महिने तेच. मला वाटायचं, लाडाचं असेल. वाढदिवसाच्या केकवरही तेच लिहिलं होतं. लालबागला घरी जाऊन मी आईला फोटो दाखवला. तिने अख्ख्या मजल्याला दाखवला.

त्या दुपारी जेवताना पहिल्यांदाच शंका आली. शेजारच्या खुर्चीवर डेस्मंड, माझगावचा. त्याला विचारलं, "व्हर्नी म्हणजे काय रे?"

तो डबा उघडता उघडता थांबला. "खरंच माहीत नाय तुला? व्हर्नाक्युलर. मराठी मीडियमवाली. म्हणजे गावठी."

"आणि तू सहा महिने गप्प?"

"मला माकापाव बोलतात, ख्रिश्चन म्हणून. ऐकायचं, सोडून द्यायचं."

शनिवार-रविवार डोकं ठिकाणावर नव्हतं. आईला काय सांगू? तो फोटो अजून तिच्या फोनमध्ये.

सोमवारी मॅडम लांबून ओरडली, "व्हर्नी, मराठी कॉल आहे. घे."

मी हेडफोन काढून ठेवला. उभी राहिले.

"मॅडम, त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांसमोर सांगा. मग घेते."

"इट्स जस्ट अ निकनेम, यार."

"मग सांगा ना."

ती आपल्या स्क्रीनकडे वळली. डेस्मंड खाली बघत होता. कॉल तसाच कटला.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला, कॉल नाकारल्याचा. मी तक्रार लिहून एचआरकडे नेली. तिथला माणूस कागद न वाचताच म्हणाला, "इंग्लिशमध्ये मेल कर, मग बघू."

मी म्हटलं, "मराठी गिऱ्हाईक चालतं तुम्हाला. अर्जही चालवून घ्या." पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

उद्या चौकशीला बोलावलंय. डेस्मंड साक्ष देईल असं वाटत नाही. नोकरी राहील याचीही खात्री नाही. तरी मी जाणार. जे झालं ते मराठीतच सांगणार. कोणी समजूत काढायला आलं तर ऐकून घेणार नाही. मला मॅडमची माफी लेखी हवी. अठरा जणांसमोर वाचून दाखवलेली.