वरचं बोलावणं

लग्न झालं तेव्हा मला आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी सांगलीची. फिजिओथेरपी शिकायला म्हणून मिशिगनला आले, तिथेच नोकरी धरली. ज्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला होता, त्याच्या खालच्या मजल्यावर तो, म्हणजे माझा आताचा नवरा, राहायचा. आमची ओळख वासावरून झाली. जिन्याखाली तो रोज आपले हातमोजे आणि पॅड वाळत घालायचा आणि तो आंबूस, ओला वास थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा. एकदा चिडून खाली गेले. त्याने दार उघडलं आणि ओशाळून हसला. पुढचे दोन दात गायब!

"सॉरी," तोंडावर हात ठेवत तो म्हणाला, "दात आत ग्लासमध्ये आहेत."

मला इतकं हसू आलं की तक्रार करायची राहूनच गेली.

तो व्यावसायिक खेळाडू होता, पण टीव्हीवर दिसतात त्यांतला नव्हे. मोठ्या लीगच्या खाली इथे लहान लीग असतात आणि त्यांच्याही खाली आणखी लहान. आडगावचे संघ, अर्ध्या रिकाम्या खुर्च्या आणि बसचे लांबलचक प्रवास. तिथला प्रत्येक जण एकच आशा धरून असतो. वरच्या संघातलं कुणीतरी जायबंदी होईल आणि आपल्याला बोलावतील.

आईला फोनवर हे समजावून सांगताना मी म्हटलं, "अगं, तो वरून बोलावणं येण्याची वाट बघतोय."

"काहीतरीच काय बोलतेस!" आई केवढ्यानं ओरडली. "नवीन लग्न झालंय, शुभ बोल जरा!"

वरचं बोलावणं काही लवकर आलं नाही. आजूबाजूची मात्र सतत येत राहिली. संघवाल्यांना वाटलं, तर ते खेळाडूला दुसऱ्या संघाकडे धाडतात, त्याला विचारत नाहीत. सकाळी सराव, दुपारी मॅनेजरच्या खोलीत दोन मिनिटांचं बोलणं, संध्याकाळी विमान. तो बॅग आणि स्टिका उचलून निघायचा. मागे उरायचे मी, माझा मिक्सर, कुकर आणि मसाल्याचे डबे. सामान गाडीत भरून, बर्फातून एकटी ड्राइव्ह करत मी नव्या गावी पोचायचे, तोवर तो संघाबरोबर बाहेरगावी गेलेला असायचा. घरमालक किल्ली देऊन जायचा. दर राज्याचं फिजिओचं लायसन्स वेगळं. अर्ज करून ते हातात येईतो आमचा मुक्काम हललेला असे, म्हणून हळूहळू माझं कामच सुटलं. इतर खेळाडूंच्या बायका चांगल्या होत्या, केक आणून द्यायच्या. पण त्यांचंही असंच. जरा मोकळं बोलायला लागावं, तर त्यांचं सामान दारात.

आयोवातल्या एका गावात असताना मी आणि आई व्हिडिओ कॉल चालू ठेवून आपापली कामं करायचो. माझी संध्याकाळ, तिची सकाळ. ती भाजी निवडायची, मी भांडी घासायचे. बोलायला दोघींकडे काही नसे. तिच्या कुकरच्या शिट्ट्या आणि बाबांचं खाकरणं माझ्या ओट्यापाशी ऐकू यायचं. मग ती म्हणायची, "ठेवू का? बँकेत जायचंय." फोन बंद झाला की घर एकदम केवढं मोठं वाटायचं. फ्रिजचा आवाज सुरू व्हायचा. म्हणजे तो आधीपासून असायचाच, मला तेव्हा ऐकू यायचा.

शिकागोजवळ होतो तेव्हा एका मराठी कुटुंबाने गणपतीला बोलावलं. तो सरावाच्या शिबिराला गेला होता. मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून पेढे घेतले, ठेवणीतली साडी नेसले आणि गेले. आरतीनंतर एक निवृत्त डॉक्टर काका शेजारी येऊन बसले.

"मिस्टर काय करतात?"

"हॉकी खेळतात."

"वा, छान. व्यायाम हवाच. पण करतात काय?"

"हॉकीच खेळतात, काका. पगार देतात त्याचा."

काकांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं आणि काकूंना हाक मारली, "अगं, हिला घरी न्यायला डबा भरून दे." मला भरून आलं ते त्या डब्याने. त्यांच्या काळजीचं तसं मला हसूच आलं होतं.

आणि एका फेब्रुवारीत, दुपारी, फोन वाजला. तो सरावाच्या जागेबाहेर गाडीत बसून बोलत होता.

"आलं," एवढंच म्हणाला.

"काय आलं?"

नुसता श्वास ऐकू येत होता. मग मला कळलं.

तो विमानाने गेला. मला तिकीट मिळालं नाही, म्हणून मी गाडी काढली. वाटेत हिमवादळाने गाठलं. पोचले तेव्हा सामन्याचा शेवटचा भाग उरला होता. हजारो माणसं, कान फुटतील असा गोंगाट, आणि मी सगळ्यात वरच्या रांगेत ओल्या बुटांनी उभी. सांगलीत आई-बाबा पहाटेच उठून टीव्हीला काहीतरी जोडून बसले होते. बाबांचा फोन आला.

"अगं, सगळ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण. आपला कुठला?"

"बावन्न नंबर बघा. बाकावर डावीकडे."

तो बराच वेळ बाकावरच होता. मग उडी मारून बर्फावर उतरला.

"दिसला! दिसला!" बाबा ओरडले. "अरेरे, पडला का गं?"

"नाही बाबा, त्याने दुसऱ्याला पाडलं."

"मग ते चांगलं ना?"

"खूप चांगलं," मी म्हटलं, आणि आजूबाजूचे बघत असतानाही मला रडू आवरेना.

सामना संपल्यावर तो सूट घालून, ओल्या केसांनी बाहेर आला. "तुला माहितीये," तो म्हणाला, "ड्रेसिंग रूममधल्या कपाटावर माझं नाव पाटीवर छापलं होतं. खालच्या लीगमध्ये आम्हाला चिकटपट्टीवर मार्करने लिहून मिळतं."

दुसऱ्या दिवशी वरच्या संघातला जायबंदी खेळाडू बरा होऊन परतला. याला परत पाठवलं. ते बोलावणं पुन्हा आलं नाही.

पुढे दोन हिवाळ्यांनी एका सामन्यात त्याचं डोकं मैदानाच्या कडेच्या भिंतीवर आदळलं. असं त्याला आधीही लागलं होतं, पण या वेळी उजेड सहन होईना, आवाज सहन होईना. पडदे लावलेल्या खोलीत तो पडून असे. स्टीलच्या ताटाचा आवाज त्याला त्रास देतो म्हणून मी कागदी ताटलीत जेवायचे. माझं सगळं शिक्षण माणसाला उभं करण्याचं, आणि इथे करायचं काय, तर काहीच नाही, थांबायचं. दाराशी बसून मी त्याचा श्वास ऐकत असे. डॉक्टरांनी खेळ बंद म्हणून सांगितलं. संघातले दोघं त्याचं सामान घेऊन आले, पायरीवर उभ्याउभ्या बोलले आणि घाईने निघाले. त्यांची बस सुटायची होती.

आता आम्ही एकाच गावात राहतो, विस्कॉन्सिनमध्ये, त्याच्या आईवडिलांच्या जवळ. मी हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. तो इलेक्ट्रिशियनचं काम शिकतोय. थंडीत काम कमी मिळतं, मग दिवसचे दिवस तो घरी एकटा असतो. सुरुवातीला मित्रांचे फोन यायचे. ते कमी होत गेले. त्यांचा दोष नाही, त्यांचेही मुक्काम हलत असतात.

गेल्या महिन्यात मी कामावरून आले, तर तो दिवा न लावता स्वयंपाकघरात बसला होता. मी कोट काढत होते.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी बाहेरगावी असायचो तेव्हा तू दिवसभर काय करायचीस?"

इतक्या वर्षांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून कधी सांगितलं नव्हतं.

"आज कसं काय आठवलं?"

"घरी असा एकटा कधी बसलोच नव्हतो मी."

मी दिवा लावला, तांदूळ धुतले आणि पहिल्या गावापासून सांगायला सुरुवात केली. त्याने लसूण पुढ्यात ओढून घेतला आणि सोलत ऐकत राहिला. मध्ये कुठे त्याने सॉरी म्हटलं नाही, ते बरंच झालं. मी थांबले की तो फक्त विचारायचा, "मग?"

तिसऱ्या गावापर्यंत आले तेव्हा भात झाला होता. आम्ही जेवायला बसलो.