नवी नंदा

शूटिंग संपलं की साडी परत, दागिने परत, गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा परत! घरी आणता येतात ते फक्त किस्से. एका मालिकेत काही वर्षं मी नंदा होते, छळ सोसणारी मोठी सून. त्यामुळे माझ्याकडे किश्श्यांचा ढीग साचलाय.

*

एकदा माहेरी सोलापूरला येताना टेंभुर्णीला चहाला थांबले. शेजारच्या टेबलावरच्या मावशी टक लावून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"सासूनं कोंडलं हुतं की तुला काल! सुटलीस कवा?"

"आजच्या भागात सुटते, मावशी."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सुटतीया म्हनं. आता मागवा भजी!"

*

माझ्या खऱ्या सासूबाई म्हणजे गरीब गाय. त्यांना मी सोलापूरच्या नवी पेठेत साडी घ्यायला नेलं. दुकानदार प्रत्येक साडी माझ्याच पुढ्यात उलगडत होता. मी म्हटलं, "यांना दाखवा. सासूबाई आहेत माझ्या."

त्यानं हातातल्या साडीची घडी घातली. "यांना कशाला, ताई? कमी हाल केलेत व्हय तुमचे!"

त्यानंतर सासूबाई माझ्याबरोबर खरेदीला आल्या नाहीत.

*

आईचं माहेर वैराग. बोलणंही तिकडचंच. पडद्यावर मी रडले की तिचा फोन ठरलेला. "जेवलीस का?"

"आई, ते रडणं खोटं असतं गं."

"रडनं असंल खोटं. पन तोंड सुकल्यालं दिसतंय की!"

खरं सांगते, बहुतेक वेळा मी जेवलेली नसायचे.

*

मग मला दिवस गेले. आणि मालिकेत काय, तर नंदाला मूल होत नाही म्हणून सासू छळतेय! पोट दिसायला लागल्यावर निर्माते म्हणाले, "तुम्ही आराम करा." मला वाटलं, सुट्टी दिली.

बाळंतपणाला माहेरी आले. बारशाच्या आठवड्यात टीव्ही लावला, तर दुसरीच मुलगी नंदा झालेली. माझ्या स्वयंपाकघरात, माझं मंगळसूत्र घालून! फार लागलं मला ते. मी टीव्ही बंद केला.

आईनं तो परत लावला. "पोरगी नवीन हाय. कुनी बघाय नगं का?"



*

पुढच्या महिन्यात नवी पेठेतल्या एका दुकानाच्या उद्घाटनाला नवी नंदा येणार होती. त्या दिवशी आई दुपारी पिशवीत खण-नारळ घालून बाहेर पडली. मला वाटलं, देवीला गेली असेल. संध्याकाळी रिक्षातून उतरली ती नव्या नंदाला घेऊनच!

मी आतल्या खोलीत बाळाला घेऊन बसून राहिले. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. आईनं तिला पाटावर बसवलं.

"आई, ओटी नको. माझं लग्न झालेलं नाही."

"नंदाचं झालंय की!"

मग आईचा आवाज खाली आला. "माज्या पोरीचा संसार अर्ध्यात सुटला, बाई. आता तूच सांबाळ. सासू लई वाईट हाय तुजी."

थोड्या वेळानं नवी नंदा माझ्या दारात उभी राहिली. ओटी तशीच पदरात धरलेली, डोळे लाल.

"ताई, लोक म्हणतात, मी नंदा वाटतच नाही. सासूसमोर तुम्ही पदर कसा घ्यायचात?"

 मी ओटी तिच्या पदरातून घेऊन पलंगावर ठेवली आणि बाळ तिच्याकडे दिलं. माझ्या अंगात गाऊन होता. दोरीवरची आईची साडी ओढली, खांद्यावर घेतली.

"असा. आणि मान खाली घालू नकोस. नंदा सासूपुढे मान खाली घालत नाही."