दादाच्या रक्तातल्या पिशव्या

आमचा दादा प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या यंत्रात गरगर फिरवून रक्ताचे घटक वेगळे करतो. बावीस वर्षांत एक नळी बिघडवली नाही, हे तो ओळख ना पाळख अशा माणसालाही ऐकवतो. मी त्याची धाकटी बहीण. मला तर ते पाठच झालंय.

रक्तवाहिन्यांत चरबी का साचते, यावर तिथल्या मॅडमचं संशोधन चालू आहे. पेशी म्हणे रक्तात पिटुकल्या पिशव्या सोडतात आणि त्यांतून एकमेकींना निरोप धाडतात. वाहिनी दुखावली की पिशव्या वाढतात. दादानं विचारलं, "म्हणजे त्या वाईट?"

"काही आग लावतात, काही विझवतात," मॅडम म्हणाल्या. दादाच्या डोक्यावरून गेलं. त्यानं मला सांगितलं, ते माझ्याही.

तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं, तर हा बाही सरसावून पुढे! आणि त्याच्याच रक्तात पिशव्या निघाल्या रोग्यांपेक्षा जास्त.

मॅडमनी विचारलं, "नळी तशीच ठेवून जेवायला गेला होतात का? फिरवायला उशीर झाला, तरी आकडा फुगतो."

आता आली का पंचाईत! हो म्हणावं तर इतक्या वर्षांचं नाव पाण्यात, नाही म्हणावं तर छातीत काहीतरी शिजतंय. वहिनी म्हणाली, "अहो, झाली असेल चूक." तर तिच्यावरच खेकसला. मग हळूच मला म्हणाला, "चिमे, मला खरंच आठवत नाही गं." मला त्याचा रागही आला आणि काळजीही वाटली.

शेवटी त्यानं पुन्हा रक्त दिलं, घड्याळ समोर ठेवून लगेच फिरवलं. आकडा अगदी निरोगी माणसाइतका आला. "यावरून निदान होत नाही, डॉक्टरांना दाखवाच," मॅडमनी बजावलं. दाखवलं, सगळं ठीक निघालं. वहिनी हसत हसत रडली.

दादा मात्र म्हणाला, "म्हणजे पहिली नळी मीच बिघडवली."

"असू दे की! सुटलास ना?" मी म्हटलं.

"अगं, पण मला कळलंसुद्धा नाही. मग दुसऱ्यांच्या किती बिघडवल्या असतील?"

सोमवारी तो मॅडमसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या हातून गेलेल्या नळ्या बाजूला काढा. सगळ्या."