खाडीकाठचं इंग्रजी आडनाव

आमचं आडनाव इंग्रजी आहे. ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की कोणीतरी ते शोधत बसणार, आणि त्या शोधण्यातूनच पुढचं सगळं घडलं. एवढंच सांगते की विलायतेतसुद्धा हे आडनाव मोजक्या लोकांचं आहे. आणि रत्नागिरी जिल्ह्यात, एका खाडीच्या काठी, आमच्या मोहल्ल्यात ते चार घरांचं आहे. चारही घरं मुसलमानांची, मासळी खाणारी, घरात कोकणी बोलणारी.

मी या घरात लग्न करून आले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, गावच्या मराठी शाळेत. पण नवरा गेला, सासू-सासरे त्याच्या आधीच गेले, त्यामुळे आज घरात हे आडनाव सगळ्यात जास्त वर्षं वापरलेली मीच आहे. म्हणून मला त्याच्याबद्दल बोलायचा हक्क आहे असं मी समजते.

ते आमच्याकडे आलं कुठून? सासू सांगायची, सासऱ्यांचे आजोबा एका गोऱ्या साहेबाच्या होडीवर कामाला होते. साहेब दोरीला शिशाचा गोळा बांधून खाडीची खोली मोजायचा आणि दोरी ओढायचं काम यांचं. गावात त्यांच्या नावाची माणसं ढीगभर. मग ओळख पटावी म्हणून लोक साहेबाचं नाव जोडून हाक मारायला लागले. सासरे म्हणायचे, छे, खाडी नाही, मोठी आगबोट. बोटीवर एकाच नावाचे तीन खलाशी होते म्हणून कप्तानाने एकाला स्वतःचं नाव दिलं. तिसरी गोष्ट घरात कोणी सांगत नसे. ती गावातल्या बायका सांगायच्या, नव्या नवरीला, पाणी भरताना, पहिल्याच आठवड्यात. घरधनी दर्यावर, बाई घरात एकटी, साहेबाचा मुक्काम गावात. एवढं बोलून त्या हंडा उचलायच्या.

मलाही ती सांगितली. मी म्हटलं, "असेल. तुमच्या घरात असं काही झालं असतं तर नाव बदललं नसतं, म्हणून तुम्हाला कळलं नसतं." त्यानंतर माझ्याशी पाण्यावर फार कोणी बोललं नाही. माझं काही अडलं नाही.

मुलगा दुबईला आला तेव्हा या आडनावामुळे त्याची चांगलीच फजिती व्हायची. अर्ज वाचून लोक लगेच इंटरव्ह्यूला बोलवायचे आणि हा आत शिरला की साहेबाचं तोंड उतरायचं. एकाने तर ह्याच्या मागे दाराकडे बघत विचारलं, "मिस्टर अमुक बाहेर आहेत का?" ह्याने सांगितलं, मीच तो. मग गोऱ्याचा ठरवलेला पगार बाजूला राहिला आणि आपल्या माणसाचा पगार पुढे आला. शेवटी एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत लागला, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये. आम्ही राहतोही तिथेच, वर्कशॉपपासून जवळ. सून शाळेत शिकवते. नात बँकेत आहे.

मागच्या वर्षी मुलाने जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका फ्लॅटच्या डक्टच्या कामाचं कोटेशन पाठवलं. त्या फ्लॅटमध्ये एक म्हातारा इंग्रज लेकीकडे राहायला आला होता. कोटेशनखालची सही वाचून म्हाताऱ्याने डक्टचं सोडून दिलं आणि मुलाला फोन केला. त्याचं आडनाव तेच. रिटायर झाल्यापासून त्याने एकच उद्योग लावून घेतला होता, जगात या आडनावाची माणसं कुठे कुठे आहेत ते शोधायचं. मुलाने त्याला शुक्रवारी जेवायलाच बोलावलं.

माणूस वाईट नव्हता. उंच, लाल कानांचा, बोटं चाटून जेवणारा. नारळाच्या रसात केलेली कोळंबी दोनदा घेतली. जेवण झाल्यावर त्याने टॅबवर नकाशा काढला. विलायतेच्या उत्तरेला एक दरी, तिथे ठिपक्यांची गर्दी. दरीतून बाहेर पडलं की ठिपके विरळ. मग समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात थोडे, कॅनडात थोडे, केपटाऊनला एक. नात मला आमच्या बोलीत सांगत होती.

"दादी, ते म्हणतात या नावाचा अर्थ ओढ्याकाठचा मेंढ्यांचा वाडा. त्यांचे पूर्वज शेफर्ड होते."

"त्यांना सांग, आमच्या घरात मेंढी आली ती फक्त बकरीदला."

म्हातारा हसला. मी केपटाऊनच्या ठिपक्यावर बोट ठेवून सांगितलं की आमचे एक चुलत सासरे बोटीवर आचारी होते, ते तिकडेच उतरले आणि राहिले. त्याने मान खाजवली. तो ठिपका त्याने आपल्या दरीतला म्हणून धरला होता. त्याचा की आमचा, ते त्यालाही सांगता येईना आणि मलाही.

जाताना त्याने आमच्या गावावर एक ठिपका लावला आणि टेबलावर एक छोटं खोकं ठेवलं. आत नळी होती. मुलाने त्यात थुंकायचं, नळी बंद करून पाठवायची, मग त्याचं आणि आमचं रक्त एक आहे की नाही ते कळतं. "घाई नाही," म्हणाला. मुलाचे डोळे चमकले. मी खोकं उचलून फ्रिजवर ठेवलं, वर सुक्या बोंबलांचा डबा ठेवला.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं माझ्या मुलाने.

नातीचं लग्न ठरलं होतं. मुलगा तिनेच पसंत केलेला, घराणं रायगडचं, अल ऐनला राहणारं. आमच्या लोकांत सोयरीक जमवताना आधी गाव विचारतात, मग मोहल्ला, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की कोण दर्यावरचे, कोण काझी, कोण शेतीवाले ते समजून घेतात. आमच्या आडनावावरून काहीच समजत नाही. म्हणून आमच्या घरातले पुरुष आधीपासूनच जरा बिचकून असतात. बोलणी झाली त्या दिवशी माझ्या मुलाला वाटलं, आता आपल्याकडेही दाखवायला काहीतरी आहे. त्याने मोबाइल काढला आणि म्हाताऱ्याबरोबरचा फोटो सगळ्यांपुढे फिरवला. "हे आमचे इंग्लंडचे पाहुणे. आमच्याच आडनावाचे. फॅमिलीच म्हणा ना!"

नवऱ्या मुलाच्या आईने फोटो पाहिला. मग माझ्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. मी समोरच बसले होते. मला पाण्यावरच्या बायका आठवल्या. माझा मुलगा मात्र हसत सरबत ओतत होता. बापाच्या पणजीची अब्रू त्याने स्वतःच्या हाताने ताटात वाढली होती आणि त्याला पत्ताच नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्या बाई आमच्याकडे आल्या. एकट्याच. चहा हातात घेतला, प्यायल्या नाहीत.

"खाला, राग मानू नका. पण आमच्याकडे बोलणं सुरू झालंय. इंग्रजाचं आडनाव, इंग्रज पाहुणा. लोक विचारतात, यांचं खानदान नक्की कुठलं?"

"खाडीकाठचं," मी म्हटलं.

"ते झालं हो. तुमचा मुलगा म्हणाला, कसली तरी टेस्ट असते. ती करून टाका. नसेल काही तर आमचंही तोंड मोकळं. आणि कार्डावर आडनावाऐवजी आजोबांचं नाव छापलं तरी चालेल. निकाहमध्ये तर बापाचंच नाव लागतं."

"आणि असेल काही तर?"

त्यांनी कपाकडे पाहिलं. "इन्शाल्ला, नसेल."

"पण असेल तर?"

"मग बघू."

"मग बघायचं ते आत्ताच बघून घ्या. थुंकी मिळणार नाही. आडनावही कार्डावर पुरं छापलं जाईल."

माझा मुलगा मधे पडला. "अम्मा, एक मिनिट. भाभी, मी करतो ना टेस्ट. काय जातंय? नळीत थुंकायचं आणि कुरियर करायचं. यल्ला, खलास!"

भाभी गेल्यावर मी त्याला समोर बसवलं. सून स्वयंपाकघरात होती, नात सोफ्यावर लॅपटॉप घेऊन. मी आवाज लहान केला नाही.

"टेस्ट नाही म्हणाली तर तू काय जिंकलास?"

"आपलं नाव क्लिअर होईल."

"कोणाचं? तुझं? तुझ्यावर कोणी काही बोललंय का? त्या बाईला मरून किती काळ लोटला, आता तू तिला कोर्टात उभी करणार आणि वर सांगणार, जा, सोडली. आणि टेस्ट हो म्हणाली तर? ती राजीखुशीने गेली की तिला ओढून नेली, हे सांगते का तुझी नळी?"

"अम्मा, प्लीज. पोरगी घरात आहे."

"म्हणूनच बोलते. तुझा बाप इथे साइटवर होता, मी गावात. दोन-दोन वर्षं यायचा नाही. तू झालास तेव्हा त्याच बायकांनी बोटांवर महिने मोजले होते. माझ्या देखत. तुझ्या बापाने काय केलं माहीत आहे? काही नाही. अजान दिली तुझ्या कानात आणि मासळी आणायला गेला. त्याने नळी मागितली असती तर मी तुला घेऊन माहेरी गेले असते."

मुलगा लालबुंद झाला. असलं कधी त्याच्यासमोर बोललं गेलं नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. ऐकायलाच हवं होतं.

मग नातीने लॅपटॉप मिटला. मला वाटलं, आता ही माझ्या बाजूने बोलेल.

"दादी, कॅन आय से समथिंग?"

"बोल."

"लग्न माझं आहे. त्या आंटीला तू नाही म्हटलंस, पप्पा हो म्हणाले. मला कोणी विचारलं? नोबडी. त्या पणजीला कोणी विचारलं नाही म्हणून तू भांडतेस. आणि मी इथेच बसलेय."

तिचं बरोबर होतं. बरोबर असलं म्हणून मी माफी मागणारी नव्हते, आणि तिने मागितलीही नाही.

"मग सांग, तुला काय हवंय?" मी विचारलं.

"मला तो हवाय," ती म्हणाली. "पण आधी त्याला विचारते."

तिने तिथेच फोन लावला, स्पीकरवर. नवरा मुलगा कामावर होता, मागे आवाज येत होते. ती इंग्रजीतच बोलली, पण एवढं इंग्रजी मला समजतं. टेस्ट होणार नाही. आडनाव कार्डावर राहील. तुला चालतं का?

तो म्हणाला, "मम्मी इज जस्ट वरीड, यू नो. एक टेस्टच तर आहे."

"मी मम्मीचं विचारलं नाही. तुला चालतं का?"

"मी मम्मीशी बोलून सांगतो ना. गिव्ह मी टू डेज."

"दोन दिवसांनी तुझं उत्तर बदलणार असेल तर ते तुझं नाही, मम्मीचं."

"हबीबी, डोन्ट बी लाइक दॅट—"

"येस ऑर नो?"

त्याने श्वास सोडलेला ऐकू आला. पण त्याच्याकडून हो आलं नाही. नातीने थोडी वाट पाहिली, मला वाटलं त्याहून जास्त. मग म्हणाली, "ओके," आणि फोन ठेवला. बोटातली अंगठी काढून चहाच्या ट्रेवर ठेवली, भाभींच्या न प्यायलेल्या कपाशेजारी, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

सून तिच्या मागे गेली. मी गेले नाही. रडणाऱ्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवणं मला जमत नाही, आणि तिला ते माहीत आहे. मी भात लावला. ती जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले असताना आवरून बँकेत गेली. जाताना मला म्हणाली, "आय ॲम नॉट अँग्री विथ यू, दादी. थोडी आहे."

"राहा थोडी," मी म्हटलं.

मुलगा तीन-चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एका संध्याकाळी वर्कशॉपमधून आला, बूटसुद्धा काढले नाहीत, दारातच उभा राहिला.

"हॉल बुक केलेला. शारजात, अबू धाबीत सगळ्यांना तोंडी सांगून झालेलं. आता लोकांना काय सांगू?"

"मुलीने नाही म्हटलं, एवढं सांग. खरं तेच आहे."

"आणि आडनावाचं विचारलं तर? विचारणारच. अख्ख्या जमातीत झालंय आता. झालं ना तुझं समाधान?"

"झालं," मी म्हटलं. "विचारलं कोणी, तर त्यांना माझा नंबर दे."

तो खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. नंबर त्याने दिला असावा, कारण त्याला कोणी काही विचारल्याचं नंतर ऐकलं नाही.

मला अजून कोणी फोन केलेला नाही.