बांधावरची सायकलवाट

सायकल कुणाचीही असो, मिस्त्री आधी तिची घंटी वाजवून पाहायचे. पंक्चर असो, चेन उतरलेली असो, पहिली घंटी. ती वाजली तर "ध्यान हाय गाडीवर" म्हणून मान हलवायचे. नाही वाजली तर मालकाकडं एकदा नीट बघून घ्यायचे. मी तेलगावच्या शाळेत बदलून आले तेव्हा माझीही सायकल त्यांच्याकडं नेली. घंटी वाजली नाही. मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाईंचा आवाज मोठा हाय. घंटी लागत न्हाई."

पिठाच्या गिरणीला टेकून त्यांचं सायकल दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान होतं. बाहेर साखळीला बांधलेला पंप. दुकान बंद असलं तरी पंप बाहेरच. ज्याला हवा भरायची त्यानं भरावी. असं दुकान तुमच्याही गावात होतं, आठवून बघा. आता तिथं बहुतेक मोबाइलची कव्हरं मिळत असतील.

रविवारी मात्र मिस्त्री सापडायचे नाहीत. ते स्वतःच्या सायकलवर शिवारात निघायचे. तेलगावपासून दिंद्रुडपर्यंतच्या सगळ्या गाडीवाटा आणि पाणंदी त्यांना पाठ होत्या. कुठल्या ओढ्यात सायकल उचलावी लागते, कुठल्या बांधाची बोरं गोड, सगळं ठाऊक. "डांबरीवर माणूस ट्रकच बघतो," म्हणायचे, "हितं शिवार बघतो." दोन-तीनदा मीही त्यांच्या मागं गेले. मला धाप लागली की ते आपणहून उतरायचे. "कावून घाई करायलात? वाट काय पळून चाललीय?"

एका वर्षी उसाच्या हंगामात आमच्या नववीतली मनीषा शाळेत येता येता डांबरीवर पडली. ती दिंद्रुडच्या बाजूच्या एका वस्तीवरून सहा मैत्रिणींबरोबर सायकलनं यायची. उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली झोकांडली, पोर खड्ड्यात गेली. हात मोडला. सायकलच्या पुढच्या रिंगचा पापड झाला.

तिचे वडील ती सायकल घेऊन मिस्त्रींकडं आले तेव्हा मी तिथंच होते. ते म्हणाले, "नीट करून द्या. इकून टाकायचीय. शाळा बास झाली."

मिस्त्रींनी विचारलं, "पोर काय म्हणती?"

"पोर काय म्हणणार?"

वस्तीवरच्या साती जणी घरी बसल्या. आठवड्यानं मनीषाचे वडील सायकल न्यायला आले तर मिस्त्री म्हणाले, "रिंग मिळंना झालीय. माजलगावहून येऊ द्या." रिंग त्यांच्या डोक्यामागं खिळ्याला लटकत होती.

त्या रविवारी मिस्त्री माझ्या दारात. "चला बाई, एक वाट दाखवतो."

गावामागून ओढा ओलांडून जुनी गाडीवाट थेट त्या वस्तीवर जाते. डांबरी कुठंच लागत नाही. पण अर्ध्यावर एका शेतात वाट मोडलेली होती. नांगरून टाकलेली आणि पुढं बोराटीचं कुंपण. शेत गावातल्या मोठ्या बागायतदाराचं. त्यांना सगळे मालक म्हणत. मिस्त्री कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिले.

"ह्यांच्या अंगणात माझ्या बापाला वरून पाणी वाढायचे," ते म्हणाले. "बाप गेला तवा ठरवलं, त्या दारात पाय ठेवायचा न्हाई. चाळीस वर्षं न्हाई ठेवला."

मग सायकल वळवून म्हणाले, "चला."

मालकांनी मला खुर्ची दिली. मिस्त्रींना दिली नाही, म्हणून मीही उभीच राहिले. मालक म्हणाले, वाट दिली की जनावरं पिकात शिरतात, जमणार नाही. आम्ही परत आलो. मला वाटलं, संपलं. पण मिस्त्री दुसऱ्या दिवशी एकटेच गेले. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या खेपेला काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं.

मालक म्हणाले, "तू रोज कावून येतो बे?"

"पोरी घरी बसल्यात, मालक."

मालक खुर्चीकडं हात करून म्हणाले, "बस."

"बसलात?" मी विचारलं.

"बसलो. खुर्चीसाठी न्हाई गेलतो. पण बसलो, बापासाठी."

बांधाकडेनं चार हात वाट मिळाली. अट एकच, जनावर आत आलं तर वाट बंद. मिस्त्रींनी भंगारातल्या सायकलींच्या फ्रेमा जमिनीत गाडून असं वाकडं फाटक केलं की सायकल हँडल वळवून नेता यावी, पण जनावराला जाता येऊ नये. मालक बघायला आले आणि विचारू लागले, "म्हैस खरंच अडंल का?"

"तिला हँडल न्हाई, मालक."

मालक हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मनीषाचे वडील त्या वाटेनं स्वतः एकदा चालून आले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना रिंग मिळाली. चौघी लगेच आल्या, मनीषा प्लास्टर निघाल्यावर आली, तिच्यासोबत आणखी एक. सातव्या पोरीचं तोवर लग्न ठरून गेलं होतं. तिच्या घरी मिस्त्री गेले, मीही गेले. उपयोग झाला नाही. गावात लोक मिस्त्रींना शाबासकी द्यायचे, सहा पोरी आणल्या म्हणायचे. मिस्त्री त्या सातव्या पोरीबद्दलच बोलायचे. "मी पाच दिवस आधी जायला पायजे होतं, बाई. कुंपण मला म्हाईत होतं. जायला मन धजत नव्हतं, म्हणून उशीर केला."

त्यानंतर त्यांचे रविवार त्या वाटेवरच गेले. बाभळीचे काटे झाडायचे, पोरींना पंक्चर काढायला शिकवायचं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कसा शोधायचा हे त्या सहाजणींना आमच्या विज्ञानाच्या तासापेक्षा चांगलं आलं.

पुढं त्यांना दम लागू लागला. पंप मारता येईना. परळीला लेक होती, ती न्यायला आली. सहा महिन्यांनी ते तिकडंच वारले. मनीषानं मला ते शाळेच्या दारात सांगितलं. ती तेव्हा बारावीत होती.

पण मला ते दिसतात ते परळीच्या एसटीत. मी निरोप द्यायला स्टँडवर गेले होते. ते खिडकीपाशी बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा. त्यांनी नमस्कारासाठी हात जोडले. लेकीनं ते साबणानं घासघासून धुतले असावेत, कारण नखांतसुद्धा वंगण नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांचे हात असे पाहिलेच नव्हते. एखाद्या अनोळखी माणसाचे वाटावेत असे ते फिकट, सुरकुतलेले हात. बस हलली, आणि त्या हातांचं आता काय करावं हे न कळून त्यांनी ते मांडीवर ठेवून दिले.